लाकडी घोड्याचे मास्तर

मास्तरांनी राज्याच्या सात प्रमुखांना घोड्यावर बसायला शिकवले, आणि स्वतः मात्र ते जन्मात कधी घोड्यावर बसले नव्हते. ही गोष्ट दोघांनाच ठाऊक होती, मास्तरांना आणि पागेतल्या मोतद्दाराला. घोडीला धरले तर तिघांना.

हे असे कसे झाले ते समजायला आधी आमच्या राज्याची रीत समजायला हवी. आमच्याकडे जो कोणी राज्याचा प्रमुख म्हणून निवडून येतो, त्याला शपथेच्या दिवशी जुन्या वेशीपासून सभागृहाच्या पायऱ्यांपर्यंत घोड्यावर बसून, एकट्याने यावे लागते. कायद्यात तसे कुठे लिहिलेले नाही. पण कायद्यात लिहिलेले असते तेवढे तरी कोण पाळतो. रीत पाळतात.

रीत सुरू झाली ती मोटारीमुळे. राज्याचे पहिले प्रमुख शपथेला निघाले आणि त्यांची मोटार ऐन वेशीत बंद पडली. ढकलायला माणसे होती, पण ती सगळी पुढची जागा पकडायला सभागृहाकडे धावली होती. वेशीत उरला होता एक भाजीवाला आणि त्याचा घोडा. प्रमुखांनी दुधी आणि कोबी बाजूला सारले आणि ते वर चढले. रस्त्यावरच्या लोकांना वाटले, केवढा साधा माणूस, आणि केवढा शूर. बायका रडल्या. दुसऱ्या प्रमुखांची मग मोटारीतून जायची छाती झाली नाही. तिसऱ्यांच्या वेळेपर्यंत ती परंपरा झाली होती, आणि चौथे प्रमुख आले तेव्हा शाळेच्या पुस्तकात ती पाचशे वर्षे जुनी होती.

मध्ये एका प्रमुखांनी सायकलवरून यायचे ठरवले. नवा काळ, नवे वारे, वगैरे. त्यांचे सरकार आठवड्याच्या आत पडले. पडले ते साखरेच्या भावावरून, पण त्यानंतर सायकलचे नाव कोणी काढले नाही.

शहरभर आजवरच्या प्रमुखांचे पुतळे आहेत, सगळे घोड्यावर. शिल्पकाराने घोड्याचा साचा एकदाच केला, त्यामुळे घोडे एकाला झाकावा आणि दुसऱ्याला काढावा असे. वरची माणसे तेवढी बदलतात. संध्याकाळी या सगळ्यांच्या सावल्या लांब होऊन रस्त्यावर एकमेकींत मिसळतात, आणि मग कोण सत्तेत होता आणि कोण विरोधात, ते कोणालाच सांगता येत नाही.

मास्तरांचे वडील सुतार होते. तिसऱ्या प्रमुखांनी सरावातच घोड्यावरून पडून मनगट मोडून घेतले, तेव्हा सरकारने ठरवले की यापुढे सराव लाकडी घोड्यावर होईल आणि खरा घोडा फक्त शपथेच्या दिवशी मिळेल. काम मास्तरांच्या वडिलांकडे आले. ते रंधा मारायचे, आणि सांधे डगमगतात का ते बघायला पोराला वर बसवायचे. पोरगा तेव्हा विशीतला, हाताने यथातथाच, पण बसण्यात पक्का. तो घोड्यावर बसून जेवायचा, वर्तमानपत्र वाचायचा, दुपारी डुलकीही काढायचा आणि पडायचा नाही.

चौथे प्रमुख घोडा बघायला आले तेव्हा तो असाच वर बसलेला होता. पाठ ताठ, हनुवटी वर, नजर दूरवर लागलेली. खरे म्हणजे तो छताच्या कोपऱ्यातल्या कोळ्याकडे बघत होता. प्रमुख दारातच थबकले.

"याला म्हणतात मांड," ते म्हणाले. "या मुलाला पागेत ठेवून घ्या."

सुताराने खुलासा करायला तोंड उघडले. मग पागेच्या मागची दोन खोल्यांची चाळ, फुकट पाणी आणि म्हातारपणी पेन्शन असे शब्द त्याच्या कानावर पडले आणि त्याने तोंड मिटले. मुलाला नाही म्हणता आले असते. पहिल्या दिवशी सहज आले असते, दुसऱ्या दिवशी थोडे लाजून. पुढे पुढे नाही म्हणणे इतके जड होत गेले की ते उचलायला खराच घोडा लागला असता.

असे ते मास्तर झाले. कामात मात्र त्यांनी कसूर केली नाही. पागेच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तो लाकडी घोडा उभा असे. डोळ्यांच्या जागी दोन खिळे, ज्यांत कधीही काहीही उजाडत नसे. नव्या प्रमुखाला त्यावर बसवून मास्तर भोवती फेऱ्या मारत. "डावा हात लगामाला, उजवा जनतेला, आणि नजर कोणालाच नाही," असे त्यांचे सूत्र होते. बडे बडे लोक मान डोलवत. मास्तर स्वतः बसून दाखवत तेव्हा तर मंत्री टाळ्या वाजवत. लाकडी घोड्यावर त्यांचा हात धरणारा राज्यात कोणी नव्हता.

खऱ्या घोडीजवळ ते एकदाच गेले होते. तिने मान वळवून त्यांचा वास घेतला, बराच वेळ घेतला, आणि त्यांच्या अंगावर शिंकली. मास्तर घरी आले, अंघोळ केली आणि पुन्हा तिच्या वाटेला गेले नाहीत.

"ती तुम्हाला ओळखते," मोतद्दार म्हणायचा.

"कशावरून?"

"शिंकते ती फक्त सुताराला. भुशाचा वास लागतो तिला."

घोडीचे नाव सरकारी यादीत काहीतरी भारदस्त होते. पागेत तिला सगळे आत्याबाई म्हणत, कारण कोणी काहीही केले तरी ते तिला पसंत नसे. आमच्याकडे सरकारे पटापट येतात आणि पडतात, त्यामुळे शेवटचे पाच प्रमुख एकट्या आत्याबाईनेच वाहून नेले होते. आणि प्रत्येकाने तिला एकेक खोड लावून ठेवली होती.

एका जाड प्रमुखांना धाप लागली म्हणून ते पाववाल्याच्या दुकानासमोर थांबले, आणि धाप लपवायला दुकानाची पाटी वाचत राहिले. झाले. तेव्हापासून आत्याबाई तिथे थांबते आणि पाटीकडे बघते. त्यांच्यानंतरच्या प्रमुखांना कारंज्यापाशी आठवले की भाषणाचा कागद घरीच राहिला, ते मागे वळले, मग आठवले की भाषण पाठ आहे, पुन्हा पुढे वळले. तेव्हापासून आत्याबाई कारंज्याला पुरती एक फेरी मारते. त्यांच्याही नंतरचे प्रमुख वाचनालयासमोर चक्क झोपले. त्यांना जाग येऊ नये म्हणून ती बिचारी तिथे इतकी हळू चालली की मागचा बँड तिच्यावर आपटला. आजही ती वाचनालयापाशी चवड्यांवर चालल्यासारखी चालते.

नव्या माणसाला यातले काही ठाऊक नसते. तो वर बसतो आणि घोडी नेईल तसा जातो. वर्तमानपत्रे दुसऱ्या दिवशी अर्थ लावतात: पावाच्या भावाकडे प्रमुखांचे जातीने लक्ष, कारंज्याला प्रदक्षिणा घालून पाणीप्रश्नाचे सूतोवाच, ग्रंथालयांबद्दल आदर. एकदा तर यावर तीन दिवसांचे चर्चासत्र झाले होते.

आता मास्तरांच्या सासऱ्यांबद्दल, कारण खरे घोडे तिथेच पेंड खात होते. सासरे घोडेस्वार पोलिसांतले हवालदार. निवृत्त झाले तरी हवालदारच. त्यांनी मुलगी उपवर झाल्यावर एकच अट घातली होती, जावई घोड्यावर बसणारा हवा. मास्तर लग्नाचे बोलायला गेले तेव्हा हवालदारांनी पाणीसुद्धा न विचारता प्रश्न केला.

"घोड्यावर बसता?"

"रोज. सकाळी दोन तास, दुपारी एक."

"कुठल्या घोड्यावर?"

"सरकारी."

यात खोटे काहीच नव्हते. हवालदार उठून उभे राहिले आणि त्यांनी मास्तरांना मिठी मारली. त्या मिठीत मास्तरांची एक बरगडी कुरकुरली ती कायमची. पुढे सव्वीस वर्षे सासऱ्यांची गाठ पडली की ती दुखायची.

हवालदारांचे घर शपथेच्या रस्त्यावरच्या वळणावर होते, खाली जोडे दुरुस्त करणाऱ्याचे दुकान आणि वर एक खोली, एक खिडकी. वयाबरोबर त्यांचे डोळे गेले, पण कान असे तयार झाले की विचारू नये. दर शपथेला ते खिडकीत बसून नुसते ऐकत आणि निकाल देत. "याचं सगळं वजन डाव्या ढुंगणावर आहे, हा टिकत नाही." तो टिकत नसे. "हा रिकिबीत पाय घालायलाच विसरलाय." तो आपले अंदाजपत्रक मांडायलाही विसरला.

आणि दर शपथेनंतर ते जावयाला म्हणत, "जावईबापू, एकदा तुम्ही जा या खिडकीखालून. डोळे तर गेले. कान आहेत तोवर चांगला स्वार ऐकून घेऊ दे मला."

"जातो की, बाबा. सध्या घोडीचा नाल ढिला आहे."

सव्वीस वर्षे तो नाल ढिला होता. कधी मास्तरांची पाठ धरलेली असे, कधी वरून हुकूम नसे. बायकोलाही त्यांनी कधी पागेत पाऊल टाकू दिले नव्हते. सराव गुप्त असतो, राज्याचा प्रश्न आहे, असे ते सांगत. मास्तरीणबाई बहिणींना ते सांगत, वर स्वतःचे थोडे घालून.

मास्तरांना नोकरीची भीती नव्हती. नोकरी गेली तर रंधा होता. भीती होती ती त्या खिडकीची. आपण त्या खिडकीखालून गेलो की म्हाताऱ्याला चार पावलांत सगळे ऐकू येईल, आणि मग या घरात आपल्याला बसायला पाट असेल पण जागा नसेल, असा विचार ते रोज सकाळी लाकडी घोड्यावर बसून करत. घोडा ऐकून घेई. त्याच्या खिळ्यांत काही हलत नसे.

अकराव्या प्रमुख निवडून आल्या त्या दातांच्या डॉक्टर. डॉक्टरबाई. बुटक्या, चष्मा लावणाऱ्या, आणि समोरच्या माणसाने तोंड उघडावे अशा नजरेने बघणाऱ्या. लाकडी घोड्यावर त्या दोन दिवसांत तयार झाल्या. शपथेच्या आदल्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्यांनी मास्तरांना विचारले, "आता खरीवर कधी?"

"खरीवर थेट परवा. तसा नियम आहे."

"नियम मी परवापासून बदलू शकते. म्हणजे आज सकाळी बदलला तरी फारसं चुकत नाही. चला."

अंगणात मोतद्दाराने खोगीर मापून बघण्यासाठी आत्याबाईला बाहेर काढले होते. डॉक्टरबाई तिच्यासमोर उभ्या राहिल्या. आत्याबाईने त्यांना दात दाखवले. बाईंनी ते वाकून तपासले.

"वयाच्या मानाने उत्तम. बरं मास्तर, आधी तुम्ही बसून दाखवा."

"मी?"

"मी नवीन औजार आधी माझ्या सहायकाच्या तोंडात घालते, मग पेशंटच्या."

मास्तरांनी पाठीवर हात नेला. नालाचे नाव काढले. मोतद्दार आभाळाकडे बघत, न विचारता म्हणाला, "नाल कालच बसवलाय. चारही." त्याला वाईट हेतू नव्हता. सव्वीस वर्षे एक गुपित सांभाळून माणसाला कंटाळा येतो.

डॉक्टरबाई मास्तरांच्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही ज्या तऱ्हेनं उभे आहात ना, त्या तऱ्हेनं माझ्या खुर्चीत लोक बसतात. दुखणार नाही."

त्या दयेपुढे मास्तरांचे काही चालले नाही. अपमान केला असता तर त्यांनी नकार दिला असता. मोतद्दाराने तिपाई आणून ठेवली. मास्तर तिपाईवर चढले, डोळे मिटले, आणि पुढच्या क्षणी ते घोडीवर होते.

पहिली गोष्ट त्यांना जाणवली ती म्हणजे हा घोडा गरम आहे. दुसरी म्हणजे हा श्वास घेतो, आणि घेतो तेव्हा आपल्याला विचारत नाही.

"छान," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता उतरा."

मास्तर उतरलेही असते. पण वेशीबाहेर पोलिसांचा बँड परवाच्या तयारीसाठी जमला होता, आणि नेमकी त्याच वेळी त्यांनी शपथेची धून सुरू केली. पागेचे फाटक उघडे होते. आत्याबाईने कान टवकारले. पाठीवर माणूस आहे, धून वाजते आहे, म्हणजे पुन्हा सरकार पडले. तिने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि ती कामाला निघाली.

"थांबव तिला," मास्तर म्हणाले.

"आता ती सभागृहाशिवाय थांबायची नाही," मोतद्दार म्हणाला, आणि सवयीने बादली आणि फावडे उचलून मागे चालू लागला, कारण शपथेच्या मिरवणुकीत त्याची जागा तीच होती. त्याच्यामागे डॉक्टरबाई निघाल्या. बँडला वाटले की तालीम खऱ्यासारखी करायची आहे, तोही मागे लागला. नाक्यावरच्या पोलिसाने घोडी ओळखली, वरचा माणूस ओळखला नाही, तरी कडक सलाम ठोकला. दुकानदार बाहेर आले.

"परत बदललं?"

"सकाळी तर ती दातवाली होती."

"हा कोण?"

"कोण का असेना, चेहऱ्यावरून प्रामाणिक वाटतो. घाबरलाय."

पाववाल्यापाशी आत्याबाई थांबली. मास्तरांनी पाटी वाचली, मागे बघायची हिंमत नव्हती म्हणून पुन्हा वाचली. पाववाल्याने त्यांच्या हातात गरम पावाची पिशवी दिली. तो दर प्रमुखाला द्यायचा. आता मास्तरांना लगामासाठी एकच हात उरला. कारंज्यापाशी फेरी झाली. फेरीत ते बाहेरच्या बाजूला इतके कलले की त्यांच्या केसांना कारंज्याचे पाणी लागले. आणि मग वाचनालय आले, ती हळू झाली, अगदी हळू, आणि त्या संथपणात मास्तरांना पुढचे वळण दिसले. वळणावर जोड्यांचे दुकान. वर खिडकी.

खिडकीत मास्तरीणबाई वडिलांची नखे कापत होत्या. हवालदारांनी एकाएकी हात मागे घेतला.

"आत्याबाई निघाली."

"आज कुठची, बाबा? शपथ परवा आहे."

"ते तिला सांग. वाचनालयापाशी आलीये. पण वर काय आहे? माणूस आहे का गादी टाकलीये?"

मास्तरीणबाई खिडकीतून वाकल्या. पांढरी घोडी येत होती. तिच्यावर, एका हाताने आयाळ आणि दुसऱ्या हाताने पावाची पिशवी धरून, वाळत घातलेल्या चादरीसारखा आपला नवरा होता. त्यांनी सव्वीस वर्षे ज्याचे वर्णन केले तो स्वार त्या आज पहिल्यांदा बघत होत्या. सगळा हिशेब लागायला त्यांना एक श्वास पुरला.

"तुमचे जावई आहेत, बाबा."

हवालदारांनी खुर्ची पुढे ओढली. चेहरा असा झाला की जणू डोळे परत आले. "शेवटी आले म्हणायचे. कसे बसलेत?"

"ताठ."

"ताठ?"

"अगदी पुतळ्यासारखे."

"मग पुतळा घसरतोय. उजवीकडे."

मास्तर उजवीकडे घसरत होते. ऐन खिडकीखाली त्यांनी पिशवी सोडली, दोन्ही हात पुढे टाकले आणि आत्याबाईच्या गळ्याला घट्ट मिठी मारली. आत्याबाईच्या पाठीवर आजवर बरेच लोक बसले होते, पण त्यांतल्या कोणी तिला मिठी मारली नव्हती. ती जागच्या जागी थांबली आणि तिने मान खाली घातली. बँड थांबला. पाव रस्त्यावर घरंगळत गेले.

"थांबली का?" हवालदारांनी विचारले.

"तुम्हाला नमस्कार करताहेत. वाकून." मास्तरीणबाई वरून नवऱ्याकडे बघत होत्या आणि डोळ्यांनी सांगत होत्या, तोंड उघडू नका.

हवालदारांनी खिडकीबाहेर डोके काढले. "जावईबापू."

"हं, बाबा." आवाज आयाळीतून आला.

"नमस्कार करताय का पडताय?"

मास्तरांनी वर पाहिले. बायको मान हलवत होती. खाली मोतद्दार बादलीत काहीतरी शोधत असल्यासारखे करत होता. नमस्कार म्हटले असते तर कदाचित निभावलेही असते. पण घोडीचे काळीज त्यांच्या कानाशी ठकठक करत होते, आणि त्या आवाजावर खोटे बोलणे त्यांना जमेना.

"पडतोय, बाबा."

"किती वर्षं बसताय घोड्यावर?"

"पागेपासून."

हवालदारांचे डोके खिडकीत तसेच राहिले. ते एखाद्या गोष्टीचा शेवट ऐकत असावेत तसे. मास्तरांची बरगडी दुखू लागली.

"टाचा खाली," हवालदार म्हणाले.

"काय?"

"टाचा. बुटांत असतात त्या. खाली दाबा. गुडघे आवळा. आयाळ सोडा, ती काय तुमची मावशी आहे गळ्यात पडायला?"

"आत्या आहे," मोतद्दार खालून म्हणाला.

"तू गप रे. जावईबापू, पोट आत. मान वर. मला तुमचा पाय अजून लटकलेला ऐकू येतोय, डावा. हां. आता तिला सांगा चल म्हणून. तोंडानं नाही, टाचेनं."

मास्तरांनी टाच लावली. आत्याबाई चालू लागली. मागून खिडकीतून आवाज येतच राहिला, टाचा, टाचा, अहो टाचा, आणि तो ऐकू येईनासा झाला तेव्हा मास्तर बसलेले होते. वळणापासून पायऱ्यांपर्यंतचा रस्ता दोन्ही बाजूंनी पुतळ्यांचा. आयुष्यभर मास्तरांनी ते खालून पाहिले होते. आता ते त्यांच्या बरोबरीने, नजरेला नजर देऊन गेले, आणि त्यांना दिसले की एकजात सगळे प्रमुख घाबरलेले आहेत. शिल्पकाराने ते बरोबर टिपले होते. खालून दिसत नव्हते एवढेच.

पायऱ्यांपाशी द्वारपालांनी दारे उघडली आणि एक कारकून शपथेचा कागद घेऊन धावत आला. "नाव काय घालू?" त्याने विचारले. तेवढ्यात धापा टाकत डॉक्टरबाई पोचल्या. "थांबा," त्या म्हणाल्या, "ती शपथ माझी आहे."

मास्तरांना उतरता येईना. लाकडी घोड्यावरून ते तिपाईवर उतरत, आणि तिपाई पागेत राहिली होती. शेवटी मोतद्दाराने बादली रिकामी करून उपडी घातली. ती कुठे रिकामी केली यावर विरोधी पक्षाने पुढे सभात्याग केला.

"पहिलीच वेळ ना?" डॉक्टरबाईंनी विचारले.

मास्तरांनी मान हलवली. "शिकवणं बंद करतो उद्यापासून."

"का? मी हजारो दात उपटले. त्यातला एकही माझा नव्हता. शिकवत राहा. फक्त ते टाचांचं काय होतं? ते तुम्ही मला शिकवलं नव्हतं."

"लाकडी घोड्याला टाचा कळत नाहीत," मास्तर म्हणाले. मग त्यांनी तिथेच, पायऱ्यांवर, राज्याच्या अकराव्या प्रमुखांना टाचा कशा दाबायच्या ते दाखवले. द्वारपालही बघून बघून करू लागले.

संध्याकाळी घरी मास्तरीणबाईंनी चहाचा कप त्यांच्यापुढे जरा जोरातच ठेवला.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं नाहीस."

"मी बहिणींना सांगितलंय, तुम्ही पुरात घोडा घालून नदी ओलांडलीत."

"ते मी कधी सांगितलं?"

"मीच सांगितलं. तुम्ही काही सांगतच नव्हतात, मग मी काय करू?" त्या बसल्या. खांदे हलू लागले. मास्तरांना वाटले रडते आहे, पण ती हसत होती. "चादर," एवढेच ती मध्ये मध्ये म्हणत होती.

"बाबा काय म्हणाले?"

ती हसायची थांबली. "काही नाही. अर्ध्या हाताची नखं राहिलीत, म्हणाले. मी कापते म्हटलं तर नको म्हणाले."

मास्तरांना रात्रभर ते वाक्य इकडून तिकडून तपासावे लागले. दुसऱ्या दिवशीही ते सासऱ्यांकडे गेले नाहीत.

शपथेच्या दिवशी पागेत त्यांचे काही काम नसते. ते वळणावरच्या घराचा जिना चढले आणि दारात उभे राहिले. आत जायला पाय उचलेना. खिडकीत हवालदार कान देऊन बसले होते, शेजारी मास्तरीणबाई. बँड जवळ आला. आत्याबाई पाववाल्यापाशी थांबली, कारंज्याला फिरली, वाचनालय हळूच ओलांडले. मग वळणावर, बरोबर खिडकीखाली, ती थांबली आणि तिने मान खाली घातली.

आता तिथे थांबायचे असते हे तिला कळले होते. डॉक्टरबाई पुढे झुकल्या, सावरल्या, आणि वर बघून त्यांनी खिडकीला सलाम केला. रस्त्यावर टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात आले की जुन्या घोडेस्वारांना मानवंदना द्यायची प्राचीन प्रथा पुन्हा सुरू झाली. त्यानंतर प्रत्येक प्रमुख तिथे थांबतो. शाळेच्या पुस्तकात ती आता तीनशे वर्षे जुनी आहे.

घोडी पुढे गेली. हवालदार बराच वेळ ऐकत राहिले.

"हिच्या टाचा खाली आहेत," ते म्हणाले. "कोणी शिकवलं?"

"तुमच्या जावयानं," मास्तरीणबाई म्हणाल्या.

हवालदारांनी दाराकडे कान वळवला.

"कुठेतरी ऐकलं असेल त्यानं," ते म्हणाले, आणि राहिलेल्या नखांचा हात त्यांनी दाराच्या दिशेने पुढे केला.